पॉइंट बावीसच्या नळीतली गोळी

पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर बऱ्याच गुन्ह्यांचे तपशील पुसट होत गेले. पण पूर्णा तालुक्यातल्या एका घरातून नाहीसे झालेले ते लहानसे पिस्तूल मला आजही जसेच्या तसे आठवते.

निवडणुकीची आचारसंहिता लागली होती. अशा वेळी परवानाधारकांना आपली शस्त्रे ठाण्यात जमा करावी लागतात. आमचे मुद्देमाल कारकून यादी घेऊन एकेकाला फोन करत होते. बारा बोरच्या बंदुका आल्या, पावत्या दिल्या गेल्या. एकच शस्त्र राहिले, पॉइंट बावीसचे सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल. त्याचे मालक चुडाव्याच्या बाजूच्या एका गावातले, सत्तरीला टेकलेले शेतकरी. नेमबाजीच्या स्पर्धांसाठी त्यांनी ते घेतले होते आणि राज्यपातळीपर्यंत खेळले होते. ठाण्यात सगळे त्यांना काका म्हणत.

परवाना नूतनीकरणाच्या वेळी त्यांनी मला ते पिस्तूल हौसेने समजावून सांगितले होते. काडतूस एवढेसे, आणि पिन त्याच्या बुडाच्या मधोमध नव्हे तर कडेवर आदळते. हाताला धक्का जवळजवळ नाही, आवाज कोरडा. "लोक खेळणं म्हणून हसतात, साहेब. पण माणूस यानं बी मरतो. नळीत गोळी ठेवून मी हे कधी घरात नेलं न्हाई," असे ते म्हणाले होते.

या वेळी काका रिकाम्या हातांनी आले. त्यांना कंपवात झाल्याचे कानावर होते, पण हात इतके थरथरत असतील असे वाटले नव्हते.

"पिस्तूल चोरीला गेलं," त्यांनी सांगितले.

कपाट फोडलेले नव्हते. किल्ली त्यांच्या उशाखाली असे. घरात ते आणि सून दोघेच. पत्नी वारलेली, मुलगा पुण्यात नोकरीला. संशय कोणावर, असे विचारल्यावर त्यांनी नाइलाजाने एका गड्याचे नाव घेतले. तो पंधरा दिवसांपूर्वी काम सोडून गंगाखेडकडे ऊसतोडीला गेला होता. मी गुन्हा नोंदवला आणि दोन कर्मचारी पाठवून त्याला फडातून उचलून आणले.

चार तास चौकशी केली. हात उगारला नाही, पण आवाज चढवला, धमकावले.

"पिस्तूल बघितलंय, साहेब, खोटं कशाला बोलू?" तो म्हणाला. "काका पुसायलते तवा बघितलं. हात लावला न्हाई. मला ते उघडायचं बी कळत न्हाई."

तो प्रत्येक वेळी तेच सांगत होता, पण शब्द दर वेळी वेगळे असत. पाठ करून बोलणारा माणूस शब्द बदलत नाही. हे माझ्या ध्यानात येत होते, तरी हातातला एकुलता एक संशयित सोडवत नव्हता.

दुपारी ठाण्याच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. "त्या गड्याला सोडा. त्यानं काही केलं न्हाई. पिस्तूल घरातच हाय." एवढे बोलून फोन ठेवला गेला.

मी पंच आणि महिला शिपाई घेऊन काकांच्या घरी गेलो. पाहणी करताना अवजारांच्या कोठ्यात गेलो. तुरीच्या फवारणीचे दिवस होते. पंप होता, औषधाची एकही बाटली नव्हती. "शेजाऱ्याकडं ठेवलंय," सून घाईने म्हणाली. न्हाणीत आरसा होता, दाढीचे सामान नव्हते. काकांची दाढी वाढलेली. खुंटीवर दोर नव्हता. विहिरीच्या तोंडावर नवी लोखंडी जाळी बसवलेली होती.

चोर एवढे सगळे नेत नाही. मी काकांना बाहेर ओट्यावर बसवले आणि सुनेला म्हणालो, "बाई, फोन तुम्हीच केला ना?"

ती खाली बसली आणि रडू लागली. "मामांजींनी त्यांच्या लेकाला फोन करून शेताचे कागद कुठं हाईत ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले, तर पिस्तूल मांडीवर घेऊन बसलेते. ते आंघोळीला गेल्यावर उशाखालची किल्ली घेऊन मी ते काढून घेतलं. गड्याचं नाव येईल असं वाटलं न्हाई, साहेब. आणि खरं सांगावं तर गावभर होईल. मामांजी शरमेनंच मरतील."

पिस्तूल ज्वारीच्या कोठीत होते. मॅगझिन तिने काढून वेगळे ठेवले होते. "आता रिकामं हाय," ती विश्वासाने म्हणाली. मी नळी भिंतीकडे धरून स्लाइड मागे ओढली. एक काडतूस उडून ज्वारीत पडले.

मॅगझिन काढले तरी नळीत गेलेली गोळी नळीतच राहते, हे तिला ठाऊक नव्हते. ते तसेच धरून ती कोठीपर्यंत चालत गेली होती.

काडतूस घेऊन मी काकांच्या शेजारी बसलो. "काका, नळीत होतं."

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. मग म्हणाले, "या हातानं लांबून नेम धरायचो. आता भाकरीचा तुकडा मोडता येईना. पोरगी भरवायलीय मला. लेकराला भरवावं तसं."

"तिनं तुमचं पिस्तूल का लपवलं, ते कळलं का?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली आणि सुनेला हाक मारली. पुढचे बोलणे त्या दोघांचे होते. मी उठून अंगणात गेलो.

फिर्याद गैरसमजातून झाली होती, म्हणून गुन्हा बंद करण्याचा 'क' समरी अहवाल न्यायालयात पाठवला. घडले ते सगळे स्टेशन डायरीत लिहिले आणि वरिष्ठांनाही कळवले. सुनेवर गुन्हा नोंदवण्याची गरज त्यांनाही वाटली नाही. पिस्तूल जमा झाले, ठाण्यात परतताच गड्याला सोडले. मुलगा पुण्याहून येऊन काकांना परभणीला डॉक्टरकडे घेऊन गेला. हातासाठी औषध मिळाले, तसे मनासाठीही. परवाना परत करण्याच्या अर्जावर काकांची सही जुन्या सहीशी जुळेना. कारकुनाने हरकत घेतली. काका म्हणाले, "अंगठा घ्या की." सुनेने त्यांचे मनगट धरले आणि अंगठा नीट उमटला.

चोरी म्हटले की आम्ही कुलूप पाहतो, किल्ली पाहतो आणि घरातला सगळ्यात गरीब माणूस गाठतो. त्या घरात कोणाच्या मनात काय चालले आहे, हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते. तो गडी माझ्यामुळे ठाण्यात चोर म्हणून बसला. ती चूक माझी होती.

म्हणून पिस्तूल सापडल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी गंगाखेडच्या फडावर स्वतः गेलो होतो. त्याला सगळ्या टोळीसमोरून नेले होते, त्यामुळे टोळीसमोरच सांगितले की हा माणूस निर्दोष आहे, माझी चूक झाली. त्याने कोयता खाली ठेवला. मग त्याने विचारले, "काका जेवायलेत का नीट?"

"जेवायलेत," मी म्हणालो. "सून भरवते, आणि आता खातात."