काकांच्या चपला आणि आठ सिलिंडर

काका रविवारी फिरायला यायचे बंद झाले, म्हणून हा प्रवास ठरला. गिरगाव, लालबाग, परळ, दादर आणि परत. अंतर थोडं आहे, पण दोन रविवार लागले.

माझी गाडी अमेरिकन आहे. पाच लिटरचं, आठ सिलिंडरचं इंजिन. दुसऱ्याच्या हातून घेतलेली, तरी उत्तम. लालबागच्या चाळीतून काका दर रविवारी तिच्यासाठी दोन जिने उतरायचे. आठवड्यात तेवढंच बाहेर पडणं. गिरणीत कापड विणता विणता मागांच्या आवाजाने त्यांचे कान गेले. समोरच्याचे ओठ वाचून ते बोलतात. प्रत्येक सिग्नलला इंजिनाबद्दल मला विचारायचे, "चालू आसा काय?" मी मान हलवायचो.

मग एकदा जिन्यातच म्हणाले, "माका आता न्हेव नको. बसान काय करू? चालू की बंद, माका कळना नाय."

मला त्यांनी वाढवलं. मी ठरवलं, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवायचा, म्हणजे त्यांना थोडं तरी ऐकू येईल. फक्त एकदाच या, म्हणून त्यांना तयार केलं.

गिरगावातून सकाळी आठच्या आत निघा. भायखळ्यापर्यंत रस्ता मोकळा मिळतो. पुढे लालबागचा पूल चढू नका, चढलात तर थेट परळला उतराल. पुलाखालून जा. लांब नाकाची गाडी असेल तर गतिरोधक तिरका घ्या, नाहीतर खालून घासते. चाळीच्या दाराशी मसाला कांडपाचा वास असतो. काच खाली ठेवली तर दिवसभर सीटला राहतो. मी खाली ठेवतो.

काकांनी नेहमीप्रमाणे बसताना चपला काढल्या. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, असू द्या. महाग गाडीचा मान ठेवतात, असं मला वाटायचं. त्यांच्या पायांना बरं वाटावं म्हणून मी जाड गालिचे घातले होते.

परळच्या गल्लीत मिलिंदचं गॅरेज आहे. त्याचे वडीलही गिरणीत होते. मी यादी वाचली: सायलेन्सर, हवा जास्त खेचणारा फिल्टर, इंजिनाची नवी ट्यूनिंग. इथे हॉर्नही वाजवायचा नसतो म्हणत त्याने आधी आसपासची हॉस्पिटलं दाखवली, मग पोलिसांची आठवण करून दिली. तेवढ्यात शेजारी उभ्या गाडीचा मालक मोठ्या सायलेन्सरचा आवाज काढून दाखवू लागला. माझे कान दुखले. काका पाठमोरे उभे राहून भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. वळलेसुद्धा नाहीत.

मिलिंद म्हणाला, "सर, तुम्ही आवाज विकत घ्यायला आलात. आता घेणार का?"

मी यादी खिशात ठेवली.

काका परत गाडीत बसले, चपला काढून. मिलिंद बघत राहिला. त्याने विचारलं, हे असं का करतात? गाडीच्या मानासाठी, मी म्हणालो.

"काकांना विचारलंत कधी?"

नव्हतं विचारलं. मिलिंद त्यांच्यासमोर वाकला आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून बोलला. तो वडिलांशी असाच बोलायचा. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"साचो कानान कळना नाय," ते म्हणाले. साचा म्हणजे त्यांचा माग. "पायान कळता. खालची जमीन सांगता. तुझी गाडी काय सांगनाच नाय."

मिलिंदने गालिचे उचलून माझ्या हातात दिले. मग समजावलं: इंजिन ज्या रबरी गाद्यांवर बसतं, त्यांना फाउंडेशन म्हणतात. शर्यतीवाले त्या काढून कडक बसवतात. ताकद चाकांपर्यंत लवकर पोचते, पण सगळी थरथर आत येते. लोक याच कारणासाठी टाळतात. "तुम्हाला तीच पाहिजे," तो म्हणाला. "बाकी काही घेऊ नका."

त्याला फिल्टर आणि ट्यूनिंग विकता आली असती. हे मी विसरणार नाही.

सामान बाहेरून यायला तीन आठवडे लागले, बसवायला एक दिवस. फिल्टर आणि ट्यूनिंगपेक्षा खर्च बराच कमी आला.

दुसऱ्या खेपेला काकांनी कुरकुरतच चपला काढल्या. मी इंजिन सुरू केलं. आरसा थरथरला. काका पायांचे दोन्ही तळवे गाडीच्या तळाला टेकवून सरळ बसले. परळ गेलं, दादर आलं. शिवाजी पार्कच्या अलीकडे सिग्नल लाल होता, लांबलचक. पेट्रोल वाचावं म्हणून मी इंजिन बंद केलं.

"बंद कित्याक केलंस?" काका लगेच म्हणाले.

मी पुन्हा सुरू केलं. आम्ही मैदानाला तीन फेऱ्या मारल्या. नंतर दादरला पियूष प्यायलो. उतरताना काकांनी सांगितलं, पुढच्या रविवारी अर्धा तास आधी ये.

गाडी आता उभ्या उभ्या हलते. मित्र म्हणतात बिघडवलीस. असेल. गिरगावात परतल्यावर वाडीत गाडी लावली आणि मीही चपला काढल्या. इंजिन मिनिटभर चालू ठेवलं. तळव्यांतून आठही सिलिंडर वेगळे कळतात का ते बघत होतो. मला अजून कळत नाहीत. काकांना विचारणार आहे.