अंगठ्याच्या रेषा

हे गेल्यापासून गाडी दारात बंदच होती. आज मेकॅनिकनं तिची ऑइलची पट्टी ओढली आणि त्या वासानं सत्तरच्या दशकातली म्हसवडची एक दुपार आठवली.

सासरे फौजेतले ड्रायव्हर. आपल्या जीपच्या ऑइलचा थेंब अंगठ्यावर चोळायचे. रेषा काळ्यात बुजल्या, की ऑइल बदलायचे. ते गेले तेव्हा ऑइल काळंकुट्ट होतं. नंतर जीपला कुणी हातही लावला नाही. वर्षश्राद्धाला ह्यांनी पट्टी ओढली, तर ऑइल मधासारखं स्वच्छ! बॉनेटवर अंगठ्याचा काळा ठसा, अजून ओला. मी तर गारठलेच. सासूबाई मात्र रिकाम्या सीटकडे बघून खेकसल्या, "आवं, आला व्हता तर च्या तरी घिऊन जायचा!"

"काकू, ऑइल तर ताजंच हाय की," मेकॅनिक म्हणाला.

मी आत गेले, आधण ठेवलं आणि ह्यांचा कप खाली काढला.