पडद्यावरचं ‘माहीत नाही’

शुभांगी तायडेला मी शेवटची भेटले ती आमच्याच अकोल्याच्या रुग्णालयात, अतिदक्षता विभागात. आजाराने पार वाळली होती. पण मी स्टूल ओढून बसते न बसते तोच तिने उशाशी लावलेल्या मॉनिटरकडे बोट केलं. “हे पाय वं, किती आकडे, किती रंग! सिस्टर धावत आली तर तिले पयले काय दिसलं पायजे, हे कोनी ठरवलंच नाही.” मी म्हटलं, “शुभे, आता तरी गप राय.” ती हसली... त्याच आठवड्यात ती गेली. त्यालाही आता बरेच दिवस झाले. पण तिचं नाव काढलं की मला रडू येण्याआधी अभिमान वाटतो. बाई जिंकून गेली.

अमरावतीच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. ती इंजिनिअरिंगची, मी कॉमर्सची. पुढे मी अमरावतीतल्या एका संस्थेच्या रुग्णालयात रुग्णांच्या नोंदींचं काम पाहू लागले. ती पुण्यात संगणक-सुरक्षेच्या कामात नाव कमावून आईवडिलांसाठी अकोल्याला परतली आणि आमच्याच संस्थेत लागली. अमरावती, अकोला, धामणगाव रेल्वे अशा तीन ठिकाणी आमची रुग्णालयं. तिथल्या संगणकांना कुठून धोका आहे, हे संचालकांना एका नजरेत कळेल असा डॅशबोर्ड तिला करायचा होता.

तसा डॅशबोर्ड आधीही होता. सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर जगाचा नकाशा, आणि कुठकुठल्या देशांतून दिवसभर आमच्यावर सुटणारे हल्ल्यांचे लाल बाण! पाहुणे आले की संचालक तो कौतुकाने दाखवत. पहिल्याच बैठकीत शुभाने अध्यक्षांना विचारलं, “भाऊसाहेब, हा नकाशा पाहून तुमी काय ठरवता?” भाऊसाहेब अंजनगावकडचे संत्रा बागायतदार, बोलायला रोखठोक. म्हणाले, “ठरवतो काय? पायतो.” “मंग काढते,” शुभा म्हणाली. भाऊसाहेबच आधी हसले.

त्यानंतर ती एकेका संचालकाजवळ जाऊन बसली. ‘तुम्हाला कोणती माहिती हवी?’ असं तिने कुणालाच विचारलं नाही. ‘कोणता निर्णय फक्त तुमच्या हातात आहे?’ एवढंच विचारायची. मग पडद्यावरून एकेक करत काट्यांची चक्रं गेली, आलेख गेले, यंत्रांची अगम्य नावं गेली. त्यांच्या जागी साध्या मराठीत शब्द आले... रक्तपेढी, ऑपरेशन थिएटर, रुग्णांच्या नोंदी. प्रत्येकापुढे धोका एका वाक्यात, आणि त्यावर निर्णय कुणी घ्यायचा त्याचं नाव. लाल रंग तिने फार जपून ठेवला. “रोज लाल दिसलं का मानूस त्याले भिंतीचा रंग समजते,” म्हणायची.

खरी लढाई झाली ती माझ्याच विभागावरून. ‘संगणक बंद पडले तर जुन्या नोंदी परत मिळतील का?’ या प्रश्नापुढे तिने लिहिलं, ‘माहीत नाही’. संगणक विभागाचे प्रमुख भडकले. नोंदींच्या प्रती वेगळ्या ठेवलेल्या आहेत, मग ‘माहीत नाही’ लिहून संस्थेची शोभा करायची गरजच काय! शुभाने आवाज चढवला नाही. “प्रती आहेत, सर. पण त्या उघडून कोनी पायल्या?” ते शब्द तिने पुसले नाहीत. पुढच्या बैठकीत भाऊसाहेबांची नजर नेमकी तिथेच अडली. “माहीत नाही म्हंजे काय?”

“म्हंजे माहीत नाही, भाऊसाहेब. तपासलं नाही.”

“मंग तपासा नं बाप्पा! वाट कायची पायता?”

तपासलं, तर अर्ध्या प्रती उघडेनात. काही महिने खपून त्याच प्रमुखांनी सगळं नव्याने उभं केलं, आणि मग ‘माहीत नाही’च्या जागी ‘होय’ आलं.

आणि एका दुपारी बाहेरून कुणीतरी घुसलं आणि अकोल्याचे संगणक एकामागून एक कुलूपबंद होऊ लागले. पडदा लाल झाला. त्यावर एकच वाक्य, ‘अकोल्याची इतर रुग्णालयांशी जोडणी आत्ता तोडावी का? निर्णय : अध्यक्ष.’ भाऊसाहेब तेव्हा एका लग्नाच्या पंगतीत होते. मोबाइलवर तेच वाक्य वाचून पानावरून उठले आणि फोनवर म्हणाले, “तोडा. मी निंगालोच.” एवढंच! हल्ला अकोल्यातच थांबला. तिथे आम्ही कागदावर काम चालवलं, चालू शस्त्रक्रिया पार पडल्या. दुसऱ्या दिवशी प्रतींमधून जुन्या नोंदी उघडल्या आणि पहिल्या रुग्णाचं नाव दिसलं, तेव्हा मी खुर्चीतून उठून शुभाला कडकडून मिठी मारली. संगणकप्रमुखांनी स्वतः गिला वडा मागवला. “ते ‘माहीत नाही’ होतं म्हणून वाचलो,” ते सगळ्यांदेखत म्हणाले. शुभाचं तोंड वड्याने भरलेलं. तिने नुसती मान डोलावली...

परवाच्या सोमवारी बैठक होती. तिची खुर्ची कुणीच घेतली नव्हती. पडदा उघडला, तर अख्खा पांढरा, मधोमध, एकही धोका नसेल तेव्हा दिसावं म्हणून तिनेच बसवलेलं वाक्य : ‘आज तुमच्याकडून कोणताही निर्णय नको. आपापल्या कामाला लागावे.’ भाऊसाहेबांनी ते दोनदा वाचलं, टोपी डोक्यावर ठेवली आणि उठले.

“चला,” ते म्हणाले, “तायडे बाईनं सुट्टी देली.”