न मागितलेलं पाणी

सायखेड्यात दारात आलेल्या माणसाला पाणी मागावं लागत नाही. तो ओट्यावर टेकायच्या आत तांब्या समोर येतो. आमची कुसाबाई त्याच गावची. पण नाशकात गंगापूर रोडला ज्या केंद्रात ती झाडलोट करते, तिथं न मागता पाणी देणं चूक धरतात.

केंद्र न बोलणाऱ्या, आपल्याच नादात राहणाऱ्या मुलांचं. त्या मुलांना शिकवणारी माणसंही तिथंच तयार होतात. मोहिनी मॅडम त्यांना आधी सांगतात, मग करून दाखवतात, मग करून घेतात, आणि चुकलं की तिथल्या तिथं सांगतात. नुसतं वाचून हाताला वळण लागत नाही, हे कितीतरी ठिकाणी मोजून पाहिलंय म्हणे. सरावाला खरं मूल देत नाहीत. मुलाच्या जागी, छोट्या खुर्चीत, कुसाबाई बसते. तिच्याइतकं हुबेहूब कोणालाच जमत नाही. तिचा मुलगा ललित असाच होता. चोविसाव्या वर्षी गेला, त्याला आता तीन वर्षं झाली.

निकिताही सायखेड्याकडचीच, अंबडच्या कंपनीतलं काम सोडून इथं शिकायला आलेली. मुलानं आपणहून मागायला शिकावं म्हणून पेला समोर धरून मनात पाच आकडे मोजायचे. तेवढ्यात मुलानं हात पुढं केला तर द्यायचा, नाहीतर त्याचा हात धरून दाखवायचं. दोनदा तिनं तिसऱ्या आकड्यालाच पेला देऊन टाकला होता. आज शेवटची संधी. चुकली तर घरी.

"मावशे, आज पहिल्याच आकड्याला हात कर ना गं."

"आन् पोर करंल का तसं?"

"तू काय पोर हायेस? साठीला आली!"

"मंग साठीच्या बाईला शिकव. जा, केस बांध आधी."

मॅडम कागद घेऊन बसल्या. निकितानं पेला धरला. कुसाबाईनं ललितसारखं मनगट दातात धरलं आणि पंख्याकडं बघत राहिली.

एक. दोन. निकितानं पेला पुढं नेता नेता आवरला, पाणी हिंदकळलं. तीन. कुसाबाईला हात उचलता आला असता. तिनं उचलला नाही. घरी ती तीनपर्यंत कधी पोचलीच नव्हती; ललितचे ओठ सुकलेले दिसले की पेला त्याच्या तोंडाशी. चार. तिचा घसा कोरडा पडला.

मग मांडीवरचा हात पेल्याकडं गेला. तिनं ठरवलं नव्हतं.

"शाब्बास! थांबलीस," मॅडम म्हणाल्या. निकितानं कुसाबाईला मिठी मारली, हसता हसता रडली.

कुसाबाई आपल्या हाताकडं बघत होती. आता रडू येईल म्हणून तिनं वाट पाहिली. आलं नाही. ती पाणी प्याली, पेला विसळून पालथा घातला.

दारात पुढचा शिकाऊ, शेखर, उभा होता. कुसाबाई पेला भरून त्याच्या हाती देऊन परत छोट्या खुर्चीत बसली आणि पंख्याकडं बघू लागली.