खांदा हाच पुरावा

दोह्यातल्या मराठी बायकांना नऊवारीची हौस दांडगी, पण नेसता येते का म्हणाल तर नावानं बोंब. म्हणून सणाच्या सकाळी बिन महमूद भागात विजयालक्ष्मीकाकूंच्या इमारतीखाली पार शहराच्या दुसऱ्या टोकाच्या अबू हमूरपासूनच्या गाड्या येऊन लागायच्या. काकू मूळच्या नाशिकच्या. नवरा गजेंद्र बांधकाम कंपनीत इंजिनिअर, त्यामुळे अर्धा संसार इथेच झालेला. तोंडात पिना धरून त्या एकीकडे दटावत असायच्या, "पोट आत घे गं, श्वास नंतर घे!" आणि मागून काष्टा असा खेचायच्या की नेसणारी दोन पावलं मागे यायची. पण मग दिवसभर फुगड्या घाला, लेझीम खेळा, साडी जागची हलायची नाही. एरवी त्यांना कोण विचारत होतं? पण त्या सकाळी त्यांच्यावाचून तिथल्या मराठी मंडळाचं पान हलत नसे.

त्या काकू एके दिवशी बाथरूममध्ये घसरल्या आणि उजव्या खांद्यावर आदळल्या. रात्रभर कण्हल्या. सकाळी गजेंद्रने क्लिनिकमध्ये नेलं. तिथल्या डॉक्टर सलमा यांनी हिंदीत विचारलं, "दर्द कब से है?"

आता सरळ सांगावं की नाही, काल पडले म्हणून? पण आमच्या बायका दुखणं अंगावर काढण्यात पटाईत. पडल्याची लाज, डॉक्टरसमोर रडगाणं गायची त्याहून मोठी लाज. काकू कसंनुसं हसत म्हणाल्या, "कुछ नहीं डॉक्टर, पुराना ही है. घर का काम, और क्या."

डॉक्टरने जे ऐकलं ते कॉम्प्युटरवर लिहिलं. तिचा काय दोष?

एमआरआयचा फोटो काढल्यावर कळलं, खांद्याचा स्नायू हाडापासून फाटून सुटला होता. सर्जन म्हणाले, लवकर शिवून टाकू, हात पहिल्यासारखा होईल. आणि विमा कंपनीने चक्क नकार कळवला. गजेंद्रची नोकरी नुकतीच बदललेली, पॉलिसी नवी, आणि आधीची दुखणी तिच्यात बसत नव्हती. आणि पेशंट स्वतःच सांगते की दुखणं जुनं आहे. मग आमचा संबंध काय?

गजेंद्र आधी बायकोवर उखडला. "तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?" मग त्याचा सगळा राग विमा कंपनीकडे वळला. आरोग्यविमा कायद्यानेच सक्तीचा, मग एका वाक्याचं निमित्त करून ह्यांनी अंग काढून घ्यायचं? तो कोर्टात जायला निघाला.

"अहो, मी नाशिकला जाऊन करून येते ना," काकू म्हणाल्या. "शोभाकडे राहीन. बहीणच आहे, करेल माझं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात."

"ते तिकडचं. आज आपण गप्प बसलो तर उद्या मंडळातल्या आणखी कुणावर हीच पाळी येईल."

खोटं काय होतं त्यात? काहीच नाही. हीच तर पंचाईत होती.

वकिलाच्या ऑफिसात हैदराबादचा इरशाद सगळं समजावून सांगायला होता. गोड माणूस. त्याने चहा मागवला आणि म्हणाला, "भाभी, एक बात. कोर्ट का डॉक्टर देखे तक ऑपरेशन नक्को. कंधा सिल दिए तो चोट नई थी कि पुरानी, कैसा दिखाना? अब्बी कंधा हीच सबूत है."

झालं! बाईचा खांदा कोर्टाचा पुरावा झाला. दुखतोय तिचा, पण त्याला हात लावायची तिलाच बंदी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. कोर्टाने नेमलेले डॉक्टर रजेवर गेले. मग रमजान आला. मग कंपनीला दुसरे डॉक्टर हवेसे वाटले. मग रिपोर्टच्या अरबी भाषांतरात चूक निघाली. दर वेळी इरशाद म्हणायचा, "अगली तारीख में, इन्शाल्ला." काकूंना वेणी घालता येईना. गजेंद्र सळ्यांचा जुडगा आवळावा तसे त्यांचे केस रबरात बांधायचा, आणि तेवढ्यात कंपनीला शिव्या घालून घ्यायचा.

पाडव्याला भैरवी आली. नवीन लग्न झालेली, हातात कोरी नऊवारी. काकूंनी डाव्या हाताने नेसवायला घेतली. निऱ्या कशाबशा जमल्या. काष्टा ढिलाच राहिला, आणि पदर खांद्यावर टाकायला हात वर जाईना.

"काकू, राहू दे ना," भैरवी हळूच म्हणाली. "मी शिवलेली मागवते ऑनलाइन."

काकू स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. दुखलं म्हणून नव्हे, संतापाने. संध्याकाळी नवऱ्याला म्हणाल्या, "मला केस नको. मला खांदा हवाय."

"आता मागे घेतली तर सगळं पाण्यात जाईल. ही शेवटचीच तारीख."

अशा शेवटच्या तारखा बऱ्याच झाल्या.

आणि जिंकले की हो! कोर्टाच्या डॉक्टरने लिहिलं, जखम पडल्याचीच. कोर्ट म्हणालं, पेशंट सहज काही बोलून गेली एवढ्यावरून दुखणं जुनं ठरत नाही; ऑपरेशन कंपनीनेच करून द्यावं. इरशादचा फोन आला, "भाभी, मुबारक! खलास!" गजेंद्रने गाडी तशीच हॉस्पिटलकडे वळवली.

सर्जनने नवा फोटो बराच वेळ पाहिला. फाटलेलं टोक पार मागे सरकलं होतं, स्नायू सुकून गेला होता. आता शिवायला धरणार काय? व्यायामाने दुखणं थोडं कमी होईल, म्हणाले, पण हात खांद्याच्या वर जाणार नाही. आधी का नाही आलात?

दोघं गाडीत येऊन बसले. मंडळाच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडत होता. गजेंद्रने गाडी सुरू केली नाही. स्टिअरिंगकडे बघत तो म्हणाला, "विजे, यापुढे दुसऱ्या कुणाला तरी हा निकाल दाखवता येईल. वाया नाही गेलं गं." काकूंनी डाव्या हाताने सीटबेल्ट ओढून घेतला. "लोक वाट बघताहेत. संध्याकाळी पेढे तरी वाटू या."

"वाटा ना," काकू म्हणाल्या. "तुमचे दोन्ही हात चालतात."