हुंकार

मी शिकलो तो सोनाआत्यामुळे. तिची स्वतःची शाळा चौथीतच सुटली होती. शेंगा फोडता फोडता ती गोष्टी सांगायची, आणि ऐकणाऱ्याने ‘हं’ म्हणून हुंकार दिला नाही तर गोष्ट तिथेच थांबवायची.

विद्यापीठात पहिल्याच वर्षी मी थकलो. वाचायचं संपत नव्हतं, पुढे नोकरीचा भरवसा नव्हता, आणि दुपारच्या तासाला अर्थशास्त्राचे सर पिवळ्या पडलेल्या टिपणांतून नुसते वाचत राहायचे. ‘शिक्षण सोडून परत येतो,’ असं मी आत्याला कळवलंही होतं, ट्रंकही भरून ठेवली होती.

एका दुपारी लक्षात आलं, की प्रत्येक पान उलटताना सर वर बघतात. त्यांच्याकडे कुणीच बघत नसतं. मग ते पुन्हा मान खाली घालतात. कंटाळा फक्त बाकांवर बसत नाही, तो टेबलामागेही उभा असतो. सरांनी पुन्हा वर पाहिलं आणि सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, “हं!”

वर्ग खो खो हसला.

“कोण रे तो?”

मी उभा राहिलो. “सर, आमच्याकडे गोष्ट ऐकताना हुंकार देतात.”

“गोष्ट? ही?” सरही हसले. “बरं, देत राहा मग.”

त्यांनी टिपणं मिटली आणि लहानपणी पाहिलेल्या आठवडी बाजाराबद्दल सांगू लागले. मागून कुणीतरी थट्टेने “हं” केलं, मग थट्टा न करता आणखी कुणी. तास कधी संपला ते कळलंच नाही.

संध्याकाळी पत्र लिहिलं:

‘ती. आत्या, सा. न. पुढे काय होणार ते अजून ठाऊक नाही, पण ते कळेपर्यंत थांबावंसं वाटतंय. दिवाळीला येईन. ट्रंक मात्र इथेच ठेवून येईन.’