नानाच्या बोलण्याची चाल

धुळ्यातल्या एका छोट्या स्टुडिओसाठी मी अहिराणी लग्नगीतं लिहितो. तिथं ट्रॅक आधीच तयार असतो, शब्द मागाहून कोंबायचे. बोलताना माणूस ज्या अक्षरावर जोर देतो, ठेकाही तिथंच पडायला हवा, नाहीतर नवरी रडतेय की भाजीचा भाव करतेय हे कळत नाही, असं मी वर्षानुवर्षं घसा कोरडा करून सांगतोय. ऐकतो कोण! डीजे दणकला की सगळे खूश.

अमळनेरला राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाला, नानाला, लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. पाणी हवं असलं तरी तोंडातून नुसता घरघर आवाज यायचा. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर कुणीतरी मोबाईलवर आरती लावली, तर नानाने ती डाव्या हाताने मांडीवर ताल धरत अख्खी म्हटली. वहिनी रडायलाच लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोलणं जातं, पण गाणं कधीकधी शिल्लक राहतं. रोजची वाक्यं चालीत बसवून बघा."

हे काम तर आपलंच, असं मला वाटलं. दर रविवारी एसटीने अमळनेर गाठायचं आणि नानासमोर बसायचं. 'पानी दे' घेतलं. चिडलेला माणूस जोर 'दे'वर देतो, तहानलेला 'पा'वर. मी 'पा'वर थाप ठेवली. कितीतरी रविवार घोकंपट्टी झाली, आणि एकदा नानाने स्वच्छ शब्दांत पाणी मागितलं. मग च्या मागितला, पाठ दुखते म्हणाला. गल्लीतली माणसं बघायला यायची. मी फुशारून गेलो होतो, खोटं कशाला सांगू?

वहिनी मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेली. शेवटी मीच विचारलं. ती म्हणाली, "पानी मांगतस ते बरं शे, भाऊ. पन त्या आसा कधी बोलेत नही. हाई तुमनी चाल शे."

नाना असा कधी बोलत नसे, ही चाल माझी, असं तिचं म्हणणं. मला राग आला. इतकं करून वर हे! पण एसटीत बसल्यावर आठवून पाहिलं, तर नाना साधं पाणी कसं मागायचा ते मला आठवेना. त्याचं ओरडणं तेवढं लख्ख आठवत होतं. एवढ्या वर्षांत त्याचं साधं बोलणं मी कधी ऐकलंच नव्हतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी वहिनीला विचारलं, नाना तुम्हाला हाक कशी मारायचे? नवऱ्याच्या बोलण्याची नक्कल करायची म्हणजे तिला संकोच. फार गळ घातल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि दाराआडून, त्याच्या आवाजात म्हणाली, "आयकं... का?" 'आयकं', म्हणजे 'ऐकलं', जवळजवळ गिळलेलं. मग थोडी उसंत. आणि शेवटचा 'का' एकदम हलका, वर उचललेला. आमचा तापट नाना बायकोला इतक्या हळू हाक मारत असेल, हे मला ठाऊकच नव्हतं.

ही हाक ठेक्यावर बसेना. अखेर थाप रिकामी सोडली, 'आयकं' त्या थापेमागून घेतलं आणि 'का' पुढच्या थापेवर नुसता टेकवला. नानाला ते जमायला अख्खा पावसाळा गेला.

ज्या दिवशी जमलं, त्या दिवशी वहिनी आत भाकरी थापत होती. "आयकं... का?" हुबेहूब. ती पिठाच्या हातानेच धावत आली.

मी म्हटलं, "वहिनी, सराव चाललाय, खरं बोलावणं नाही. तुम्ही कशाला उठलात?"

"बलावं का येनंच पडस," ती म्हणाली आणि त्याच्यासमोर खाली बसली. "काय म्हनतस?"

नानाने तिच्याकडे पाहिलं. डावा हात मांडीवर ताल धरून होता, ओठ हलले, पण शब्द आला नाही. मग तो पुढच्या ओळीसाठी माझ्याकडे बघू लागला. हाक मारल्यावर तो तिच्याशी काय बोलायचा, ते मला माहीत नव्हतं.